‘स्ट्रीट कनेक्टिव्हिटी’ला मराठीत काय म्हणावं?

शहर पसरत जातं तसे नवे रस्ते एकमेकांना कमी मिळतात, अशा विषयावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. ‘स्ट्रीट कनेक्टिव्हिटी’पाशी अडले. ‘जोडणी’ म्हटलं की गॅसची आठवते, ‘संलग्नता’ म्हटलं की कॉलेजची.

— दळणवळण?

— नाही हो. दळणवळण म्हणजे जा-ये. बिल्डरच्या जाहिरातीतली ‘उत्तम कनेक्टिव्हिटी’ ती, हायवे दहा मिनिटांवर! ताई विचारताहेत ते गल्लीतून गल्लीत जाता येतं का, हे. त्याला आपल्याकडे फक्कड क्रियापद आहे : निघणे. ‘हा बोळ कुठे निघतो?’ तुळशीबागेत शिरलेला माणूस एकीकडून लक्ष्मी रस्त्याला निघतो, दुसरीकडून मंडईला. नामच हवं असेल तर ‘सलगता’ घ्या, पण मजकुरात ‘निघणे’ येऊ द्या.

अभ्यासक हे मोजतात ते एका ठिकाणी किती वाटा मिळतात त्यावरून. चार मिळाल्या तर आपला चव्हाटा. तीन असतील तर कोकणात तिठा, कोल्हापुरात तिकटी (पापाची तिकटी आठवा). एकच असेल तर आल्या पावली परत. अमेरिकेत असं तुटक जाळं आखण्याचा कळस १९९४ च्या सुमारास झाला, नंतरच्या वसाहतींत रस्ते पुन्हा जरा मिळू लागले.

— त्या एकवाटेला सरळ ‘बंद गल्ली’ म्हणा. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. त्यातल्याच एका गावात राहतो. शेतं एकेक करून विकली गेली. ज्याने जो गट घेतला त्याने रस्ता तेवढ्यापुरता आखला. बांधाच्या जागी भिंत आली, रस्ता तिथेच संपला. पुढचा डीपी रस्ता (महापालिकेच्या विकास आराखड्यातला) अजून नकाशावरच आहे. वर गेटवर पाटी, ‘हा आम रस्ता नाही’. (आम म्हणजे सर्वांचा, शब्द अरबी.) शाळा भिंतीपलीकडे. घंटा घरात ऐकू येते, पण जायचं रिक्षाने वळसा घालून. पोरांनी कोपऱ्यात दप्तर सरकवण्याइतकं खिंडार पाडलंय. सोसायटी दर उन्हाळ्यात बुजवते, शाळा सुरू झाली की आठवड्यात पुन्हा मोकळं.

— खिंडार! घेतला. मूळ लेखात ‘इन्फॉर्मल पेडेस्ट्रियन लिंक’ आहे, त्याच्यावर तीन दिवस गेले माझे.