मदत हवी आहे: टेस्टिंगमधून पॉवर बीआयकडे वळायचंय

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातच सॉफ्टवेअर टेस्टिंग सोडून पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट-डॅशबोर्ड बनवण्याचं टूल) वापरून रिपोर्टिंगमध्ये जायचं आहे. एसक्यूएल (डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा) बरं आहे; डेटा एकीकडून दुसरीकडे गेल्यावर सोर्स-टार्गेटचे रो काउंट (ओळींची संख्या), नल (रिकाम्या नोंदी), डुप्लिकेट तपासणं रोजचंच. अडतंय ते डेटा मॉडेलिंगपाशी, म्हणजे टेबलं कशी मांडायची आणि जोडायची तिथे. ऑर्डरचं टेबल ऑर्डर-लाइनच्या टेबलला (ऑर्डरमधल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ) जॉइन केलं, की तीन ओळींच्या एका ऑर्डरचं 100 रुपये डिलिव्हरी शुल्क तिन्ही ओळींवर येतं आणि बेरीज 300 दाखवते. हे शुल्क वेगळ्या फॅक्ट टेबलमध्ये (रकमा, संख्या ठेवायचं टेबल) ठेवावं, की प्रत्येक ओळीच्या रकमेच्या प्रमाणात वाटून टाकावं? मला दुसरं पटतं, कारण मग प्रॉडक्टनिहाय नफाही काढता येतो.

इथल्या इंटरव्ह्यूत स्टार स्कीमा (मध्ये फॅक्ट टेबल, भोवती माहितीची टेबलं अशी मांडणी) विचारतात, की थेट डॅक्स (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा)? पीएल-300 (मायक्रोसॉफ्टची पॉवर बीआय सर्टिफिकेशनची परीक्षा) आधी द्यावी, की अशी चुकीची बेरीज पकडून दुरुस्त केलेला डॅशबोर्ड दाखवावा? ठाणे-नवी मुंबईत हा बदल केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.