गाईचे १०१.५ अंश हा ताप का नव्हे?

प्रश्न
गाय दोन दिवस चारा कमी खात होती, म्हणून आम्ही पशुवैद्यकांना बोलावले. त्यांनी शेपटीखाली थर्मामीटर लावून १०१.५ अंश फॅरनहाइट तापमान सांगितले आणि गाईसाठी ते योग्यच असल्याचा निर्वाळा दिला. माणसाला एवढा ताप असता तर आपण त्याला अंथरुणातून उठूही दिले नसते. गाय आकाराने मोठी असल्यामुळे तिचे अंग जास्त गरम असते का?

उत्तर १
आकाराशी याचा थेट संबंध नाही. हत्तीचे तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे माणसापेक्षा किंचित कमीच असते, तर मूठभर वजनाच्या पक्ष्यांचे ४० च्या पुढे जाते. आकारामुळे बदलतो तो उष्णता निर्माण करण्याचा वेग: उंदराच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने उष्णता भराभर निघून जाते आणि ती भरून काढण्यासाठी त्याला सतत खावे लागते, पण त्याचे तापमान मात्र आपल्याजवळच राहते. प्रत्येक जातीची पातळी मेंदूतील हायपोथॅलॅमस सांभाळतो. त्या पातळीच्या वर चढणे म्हणजे ताप; शेळीचे १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट हेही निरोगीच तापमान आहे.

उत्तर २
या फरकाला किती महत्त्व आहे, हे लुई पाश्चर यांनी १८७८ मध्ये दाखवले. कोंबडीचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि गुरांचा जीव घेणारा फाशी रोग तिला सहसा होत नाही. पाश्चर यांनी रोगजंतू टोचलेल्या कोंबडीला थंड पाण्यात ठेवून तिचे तापमान उतरवले, तेव्हा ती त्याच रोगाने मेली. वेळीच बाहेर काढून ऊब दिलेली दुसरी कोंबडी मात्र वाचली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण शरीराची ऊब हीच काही जंतूंपुढची भिंत असते, हे त्यातून दिसते.

उत्तर ३
एकाच जनावराचे तापमानही दिवसभर सारखे नसते. पाणी न मिळालेल्या उंटाचे तापमान पहाटे ३४ आणि दुपारनंतर ४० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. घाम न गाळता तो उष्णता साठवतो आणि रात्री सोडून देतो. म्हशीला घर्मग्रंथी कमी असल्याने ती डबक्यात लोळते. म्हणून आपण गाईचे तापमान सकाळी, सावलीत, ती शांत उभी असताना घ्या, आणि ते १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेले किंवा रवंथ थांबले, तर पशुवैद्यकांना पुन्हा बोलवा.