छळाने दगावलेल्या मुलांच्या नोंदी: कोणासाठी आणि कशासाठी?

नीलमोहर:
परवा येथे एक लेख आला. घरच्यांच्या मारहाणीने किंवा हेळसांडीने दगावलेल्या मुलांच्या हकिकती तपशीलवार लिहून ठेवणे हा मृतांचा अवमान आहे, गुन्हेगाराला शिक्षा झाली की फाइल बंद व्हावी आणि त्या लेकरांना शांतपणे विसावू द्यावे, असा त्याचा आशय होता. लेखकाच्या हेतूविषयी मला शंका नाही, परंतु लेख वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कोणी मारले, हे न्यायालय ठरवते. ते मूल मरण्याआधीच्या काही महिन्यांत कोणाकोणाच्या डोळ्यांसमोरून गेले, हा प्रश्न तेथे विचारला जाईलच असे नाही. २००० च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए मरण पावली, तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमा आणि वण मोजले गेले. तिला सांभाळणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली. लेखाच्या न्यायाने विषय तेथेच संपायला हवा होता. परंतु सरकारने नेमलेल्या लॉर्ड लॅमिंग यांनी चौकशी केली आणि २००३ च्या अहवालात दाखवून दिले की तिला वाचवण्याच्या किमान १२ संधी वाया गेल्या होत्या. एका रुग्णालयात तर तिच्या अंगावरच्या खुणा खरजेच्या आहेत असे ठरवून तिला परत पाठवले गेले. हे लिहिले गेले नसते, तर तिचा मृत्यू ही केवळ दोन क्रूर माणसांची गोष्ट उरली असती.

सांजवेळ:
तो लेख माझा आहे. तुम्ही दिलेले उदाहरणच पुढे नेतो. एवढा मोठा अहवाल झाला, २००४ मध्ये नवा कायदा आला, आणि २००७ मध्ये लंडनच्या त्याच भागात सतरा महिन्यांचे एक बाळ पन्नासहून अधिक जखमा अंगावर घेऊन मेले. आठ महिन्यांत निरनिराळ्या अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी त्याला सुमारे ६० वेळा पाहिले होते. मग त्या नोंदींनी नेमके कोणाला वाचवले?

शिवाय अशा घरांत बहुधा आणखी भावंडे असतात. ती मोठी होतात, वाचायला शिकतात आणि एके दिवशी आपल्या घराचे वर्णन परक्याच्या शब्दांत वाचतात. त्यांचा विचार तुमच्यापैकी कोणी केला आहे का?

खडूफळा:
भावंडांचा मुद्दा मला पटतो, पण त्यांना खरी इजा वृत्तपत्रे करतात. 'सैतान बाप', 'क्रूर सावत्र आई' असे मथळे वाचून वाचकाची समजूत होते की असे लोक वेगळेच दिसत असणार. मी बावीस वर्षे शिकवते आहे. माझ्या वर्गातील एक मुलगा रोज पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येत असे आणि त्याचे वडील पालकसभेत सर्वांत नम्रपणे बोलत असत. मी सैतान शोधत होते, म्हणून मला ते दिसले नाहीत. तो मुलगा सुदैवाने वाचला. त्यात माझा काहीही वाटा नव्हता.

निवृत्त परिचारिका:
सांजवेळ, नोंदींनी कोणाला वाचवले हे तुम्ही विचारलेत. नोंद नसल्यामुळे कोण गेले, ते मी सांगते. बालकक्षात काम करत असताना चार महिन्यांचे एक बाळ सर्दीसाठी आले होते. त्याच्या डाव्या कानामागे निळसर डाग होता. पलंगावरून पडला असे आईने सांगितले आणि मी कागदावर 'पडल्यामुळे' असे लिहिले. सहा आठवड्यांनी ते बाळ पुन्हा आणले गेले, तेव्हा त्याचा श्वास थांबलेला होता.

जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर सहसा डाग उमटत नाही, आणि कान, मान किंवा धड येथे तर नाहीच. हे मला तेव्हा कोणी शिकवले नव्हते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छळ निश्चित झालेली २०० तान्ही बाळे होती. त्यांपैकी २७.५ टक्के बाळांना आधीच एखादी किरकोळ वाटणारी जखम होऊन गेली होती. ज्यांचा छळ झालेला नव्हता अशा तुलनेच्या बाळांत ती एकातही आढळली नाही. हे ज्ञान फायली उघडून, मागे जाऊन वाचल्यामुळेच हाती आले आहे.

न्यायपक्ष:
बाईंच्या दुःखाचा आदर राखून लिहितो. याच ज्ञानाच्या जोरावर निरपराध माणसे तुरुंगात गेली आहेत. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये दोन तान्ही मुले गमावलेल्या एका आईला खुनी ठरवण्यात आले. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितले होते की तिच्यासारख्या सुस्थितीतील घरात दोन आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे. एका घरातले दोन मृत्यू एकमेकांशी निगडित असू शकतात, ही साधी बाबही त्या हिशेबात धरलेली नव्हती. २००३ मध्ये ती निर्दोष सुटली आणि २००७ मध्ये वारली. बाळाला हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो हे १९७१ मध्ये मांडणारे मेंदूशल्यचिकित्सक नॉर्मन गुथकेल्च यांनीदेखील उतारवयात, आपल्या मांडणीचा न्यायालयांत गैरवापर होत असल्याची चिंता जाहीरपणे बोलून दाखवली. संशयाची नोंद हीच पुढे पुरावा म्हणून उभी राहते. तुमच्या कागदावरचा एक शब्द एखाद्या आईचे आयुष्य संपवू शकतो.

शवचिकित्सक:
हा युक्तिवाद ऐकून मी थकलो आहे. डॉक्टर उतावळेपणाने संशय घेतात, हे इतिहासाच्या अगदी उलट आहे. पॅरिसमध्ये आंब्रुआझ तार्दिय या न्यायवैद्यक तज्ज्ञाने १८६० मध्येच छळ झालेली ३२ मुले वर्णिली होती आणि त्यांतील १८ मेली होती. वैद्यकाने ते बाजूला सारले. १९४६ मध्ये अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांना सहा मुलांमध्ये हाडे मोडलेली आणि मेंदूभोवती रक्त साचलेले एकत्र दिसले, तरी हे पालकांनी केले असे थेट लिहिणे त्यांनी टाळले. १९६२ मध्ये बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प यांनी त्याला 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम' (मारहाण झालेल्या मुलाची लक्षणे) असे नाव दिले. म्हणजे शंभर वर्षे आम्ही पाहिले आणि बोललो नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९० ते १९९८ या काळातील मृत्यू तपासले, तेव्हा छळाने झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम निम्मे मृत्यूच्या दाखल्यावर तसे नोंदलेले निघाले. आणि हेळसांड तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. अमेरिकेच्या अधिकृत गणनेत छळ किंवा हेळसांडीने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांत हेळसांड असते. उपाशी ठेवलेले मूल, पाण्याजवळ एकटे सोडलेले मूल. त्याच्या अंगावर मोजायला जखमच नसते.

तुम्ही आम्हाला खोटे साक्षीदार समजत असाल, तर तसे स्पष्ट लिहा.

न्यायपक्ष:
स्पष्टच लिहितो. मी एका आईची बाजू लढवली होती. तिच्या सात महिन्यांच्या मुलीच्या दोन बरगड्या मोडलेल्या आढळल्या आणि त्याच दिवशी मुलगी तिच्यापासून काढून घेतली गेली. हाडे ठिसूळ करणारा जन्मजात आजार असू शकतो का, हे कोणी तपासले नाही. आम्ही तपासायला लावले आणि तो आजार निघाला. मुलगी परत मिळाली तेव्हा ती आईला ओळखत नव्हती, कडेवर घेतले की रडत होती. तुम्ही तार्दियचे १८६० साल सांगता, आणि मला ते रडणे आठवते.

शवचिकित्सक:
ती तपासणी व्हायलाच हवी होती. ती न करणे अक्षम्य होते, हे मान्य करतो. एवढ्यावरून संशय लिहूच नये, हे मात्र मी मान्य करणार नाही.

नीलमोहर:
न्यायपक्ष, तुम्ही सांगितलेल्या १९९९ च्या त्या इंग्लंडमधील आईच्या खटल्यातील एक भाग तुमच्या लिहिण्यात आला नाही. तिच्या दुसऱ्या बाळाच्या सूक्ष्मजीव तपासणीचे निष्कर्ष शवविच्छेदन करणाऱ्याने बचाव पक्षाला दिलेच नव्हते. पुढे ते रुग्णालयाच्या कागदपत्रांत सापडले, संसर्गाची शक्यता समोर आली आणि तिच्या सुटकेला मुख्यतः तेच कारणीभूत ठरले. तिला अडकवले ते अर्धवट नोंदीने, आणि सोडवले ते फाइलमध्ये पडून राहिलेल्या एका पूर्ण नोंदीने.

म्हणूनच निरनिराळ्या खात्यांची माणसे एकत्र बसून बालमृत्यूचा आढावा घेतात. ही पद्धत लॉस एंजेलिसमध्ये १९७८ मध्ये सुरू झाली, आणि इंग्लंडमध्ये २००८ पासून प्रत्येक बालमृत्यूचा असा आढावा सक्तीचा आहे. संशय असो वा नसो. सर्वांचेच मृत्यू तपासले जातात, तेव्हा तपासणी हाच आरोप ठरत नाही. अशा आढाव्यात 'निश्चित', 'संशयास्पद' आणि 'कारण ठरवता आले नाही' हे तीन रकाने वेगळे राहिले पाहिजेत, आणि तिसरा रकाना भरताना कोणालाही लाज वाटता कामा नये.

न्यायपक्ष:
त्या तपासणीची बाब मला ठाऊक होती. मी ती लिहिली नाही, हे खरे. तिसरा रकाना प्रामाणिकपणे वापरला जाणार असेल, तर माझा विरोध नोंदीला नाही. नोंदीतला शब्द जसाच्या तसा निकालपत्रात उचलण्याला आहे.

सांजवेळ:
भावंडांविषयीच्या माझ्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. आढावा घ्या; पण नावे, छायाचित्रे आणि घराच्या खुणा त्यातून काढा, आणि भावंड सज्ञान झाल्यावर त्याला ती फाइल आधी, एकट्याने वाचू द्या. एवढे होत असेल तर 'फाइल बंद व्हावी' हे वाक्य मी मागे घेतो. बाकीचा लेख मागे घेत नाही.

निवृत्त परिचारिका:
सांजवेळ, ही अट रास्त आहे. माझे त्या दिवशीचे वाक्य आज लिहायचे झाले तर मी असे लिहीन: डाव्या कानामागे निळसर डाग, सुमारे एक सेंटिमीटर, बाळ अद्याप पालथे पडत नाही, पलंगावरून पडल्याचे आई सांगते, कारण मला माहीत नाही, डॉक्टरांना दाखवले. त्यात कोणावरही आरोप नाही. परंतु ते वाचून पुढच्या पाळीतील कोणीतरी थांबले असते.