बेसबॉल: चेंडू लागतो पण उडत नाही, जोर कुठून आणायचा?

रामबागची आई, इंदूर
मुलगी नववीत आहे. आधी क्रिकेट खेळायची, आता शाळेच्या बेसबॉल संघात आहे, सराव चिमणबागेत. उजव्या हाताने खेळते. चेंडू बॅटला लागतो, पण दरवेळी जमिनीवरून सरपटत डावीकडे, तिसऱ्या बेसकडे जातो. दंडात ताकद हवी म्हणून डंबेल्स आणले, तर खांदाच दुखायला लागला. जाणकारांनी सांगावं.

जुना खेळाडू
पुशअप्स वाढवा. मनगट पक्कं झालं की चेंडू आपोआप उडेल.

सुदामानगरचे नाना
ताई, आधी डंबेल्स बंद करा आणि खांदा डॉक्टरांना दाखवा. जोर दंडातून येतच नाही, तो पायाखालच्या जमिनीतून येतो. मागच्या पायाने रेटा द्यायचा, पुढचा पाय टेकला की आधी कंबर वळते, मग छाती, मग हात, आणि सगळ्यात शेवटी बॅट. ओला पंचा झटकताना हात थांबतो तेव्हाच टोक सपकन सुटतं ना, तसं इथे प्रत्येक भाग मंदावतो आणि आपला वेग पुढच्या भागाला देतो. कंबर आणि छाती एकदमच वळली तर द्यायला काही उरत नाही.

मोबाइलवर बाजूने स्लो मोशन काढा. पुढचा पाय टेकल्यावर लगेच तिच्या पट्ट्याचं बक्कल बघा. ते पिचरकडे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याकडे, वळायला लागलेलं हवं आणि खांदे अजून मागेच हवेत. पुढचा गुडघाही बघा. क्रिकेटच्या ड्राइव्हमध्ये तो वाकतो आणि वजन त्यावर जातं. इथे चेंडूला बॅट लागेपर्यंत तो ताठ व्हायला हवा. त्या पायाने पुढे जाणं अडवलं, तरच ती गती गोल फिरण्यात जाते.

तिसऱ्या बेसकडे सरपटणारा चेंडू बहुतेकदा मनगट लवकर उलटल्यामुळे जातो. शिवाय पिचर 10 इंच उंच उंचवट्यावरून टाकतो, चेंडू खालीच येत असतो. त्यामुळे बॅट किंचित वर चढत यायला हवी. वरून खाली मारलं की चेंडू जमिनीतच जातो.

सोपा सराव सांगतो. जाळीसमोर उभं राहून बॅटचं एक टोक पोटाला आणि दुसरं जाळीला टेकेल एवढं अंतर ठेवायचं आणि स्विंग करायचा. बॅट जाळीला घासली तर हात फार लवकर लांब जातायत. हात अंगाजवळ असले की बॅट लवकर फिरते. ताशी 145 किलोमीटरचा चेंडू 0.4 सेकंदात येतो, त्यातला स्विंगच जेमतेम 0.15 सेकंदांचा.

रामबागची आई
नाना, व्हिडिओ काढला. कंबर आणि छाती एकत्रच वळतायत, आणि गुडघा पूर्ण वाकलेला! जड बॅट घेऊ का?

सुदामानगरचे नाना
आत्ता नको, जड बॅटने ती पुन्हा हातांनीच ओढेल. हलकीच ठेवा. खांदा बरा झाला की टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर, चेंडू ठेवून हळू स्विंग, कंबर आधी सुटायला लागली की मगच वेग.