वाण ‘देतात’ की ‘लुटतात’?

प्रश्नकर्ती: रथसप्तमीपर्यंत आता रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू. आमच्या घरच्या ग्रुपवर सासूबाईंनी टाकलं, ‘यंदा मी चहाच्या गाळण्या लुटल्या.’ धाकट्या जावेनं लगेच विचारलं, ‘कुठे सेल लागलाय?’ हसू आलं, पण शंका रास्त आहे. लुटणारा घेतो ना? मग इथे देणारीच कशी लुटते? आणि हे वाण म्हणजे बियाण्याचाच वाण का?

सांगलीकर: सासूबाई बरोबर बोलल्या. आमच्याकडे वाण ‘देतात’ ते अधिक महिन्यात जावयाला, 33 अनारसे आणि वर दिवा. सुगडाचं वाणही देतातच, तेही पदराखाली झाकून, घेणारीनं पदरातच घ्यायचं. पण हळदीकुंकवाची वस्तू लुटतात. दारात येईल तिला हात आखडता न घेता वाटायची, म्हणून लुटायची.

पुणेकर: मला ते मूळचं ‘लुटवणे’ वाटतं. पूर्वी संक्रांतीला आवा लुटायची चाल होती. कुंभाराच्या आव्यातल्या सगळ्या मडक्यांचे पैसे यजमानीण आधीच द्यायची आणि बोलावलेल्या बायका हाताला लागेल ते मडकं उचलायच्या. म्हणजे लुटायच्या पाहुण्या, लुटवायची ती. बोलताना ‘व’ गळाला असावा. अर्थात हा माझा अंदाज.

कोल्हापूरकर: दसऱ्याला मात्र घेणाराच लुटतो. आमच्या दसरा चौकात शमीपूजन झालं रे झालं की पानांवर अशी झुंबड उडते, की धक्के खाल्ल्याशिवाय सोनं हाती लागत नाही. तेच घरी आणून थोरांच्या हातावर ठेवताना कुणी ‘लुटलं’ म्हणत नाही, ‘सोनं दिलं’ म्हणतात. संक्रांतीच्या अगदी उलट!

मंगळवेढेकर: बियाण्याचा वाण वेगळा. ते वाण, तो वाण आणि ती वाण, तिन्ही निराळे. ‘ते वाण’ संस्कृत ‘वायन’वरून आलेलं, व्रताचं दान. ‘तो वाण’ म्हणजे जात, आमची ज्वारीची मालदांडी घ्या. हा ‘वर्ण’वरून आला. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यातला वाण हाच, तिथे अर्थ रंग. आणि ‘ती वाण’ म्हणजे टंचाई. ‘पाण्याची वाण’ आमच्याकडे नवी नाही. गेल्या संक्रांतीला बहिणीनं भेंडीच्या बियांची पाकिटं लुटली. वाणात वाण!

डोंबिवलीकर: सांगलीकर, ‘दारात येईल तिला’ हे जरा सांभाळून. येईल तिला नव्हे, सवाष्णीलाच मिळायचं. माझ्या आत्या नवरा गेल्यावर त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेरच यायच्या नाहीत. 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा कुठे यावर मोठ्यानं बोलणं सुरू झालं.

सांगलीकर: मान्य. आमच्या गल्लीत आता सगळ्यांना बोलावतात, पण कुंकू लावताना अजून एखादीचा हात अडतो.

प्रश्नकर्ती: जाऊ म्हणतेय, एवढी भानगड कशाला, ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणा.

पुणेकर: नको हो. रिटर्न गिफ्ट म्हणजे भेट आणली त्याची परतफेड. हळदीकुंकवाला कोण काय आणतं? रिकाम्या हातानं यायचं आणि वाण घेऊन जायचं.

प्रश्नकर्ती: पटलं. मग आमंत्रणात ‘वाण लुटायला या’ लिहू?

मंगळवेढेकर: ‘लुटायला या’ म्हटलं की लुटणार येणाऱ्या, आणि धाकट्या जाऊबाई पिशवी घेऊनच येतील. ‘हळदीकुंकवास यावे’ एवढंच लिहा.