मदत हवी आहे: आंब्याच्या वाडग्याला रंग दिला की दोन बाजूंना काळपट पट्टे, आणि पॉलिश लावताना रंग सुटतो

दांडियाबाजारवाला:

मंडळी, नमस्कार. बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. नोकरी वेगळीच आहे, पण माडीवर लाकूड कातायचा एक छोटा लेथ आहे आणि सुट्टीच्या दिवशी जेवायला खाली या म्हणून घरच्यांना हाका माराव्या लागतात, इतपत नाद आहे.

अडचण रंगाची आहे. लाकूड आंब्याचं. आमच्या पोळातलं, म्हणजे गल्लीतलं, जुनं झाड वादळात आडवं झालं तेव्हा बुंध्याचा एक ओंडका पदरात पडला. बाकीचं जळणाला गेलं. ते बघून जीव तुटला, पण ओंडके ठेवायला जागा कोणाकडे आहे? ओला असतानाच कच्चा वाडगा कातून घेतला, भिंत इंचभर जाड ठेवून. भुशासकट खाकी पिशवीत बांधला आणि अधूनमधून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करत गेलो. वजन उतरायचं थांबलं तेव्हा पुन्हा लेथवर चढवला. तोवर तो चांगलाच लंबगोल झाला होता. तो गोल करून आता व्यास ९ इंच, उंची ४ इंच, भिंत दोन सूत. बूड अरुंद, तोंड पसरट. खाण्यापिण्यासाठी नाही, निव्वळ शोभेचा. मावसबहिणीच्या नव्या घरी द्यायचा आहे.

लाकडात सुंदर लहरी आहेत. खिडकीपाशी वाडगा हळूहळू फिरवला की त्या लहरी सरकल्यासारख्या दिसतात, उजळ पट्टा गडद होतो आणि गडद पट्टा उजळ. त्या उठून दिसाव्यात म्हणून बेत असा: आधी काळा रंग, तो वाळला की घासून काढायचा, म्हणजे जिथे लाकडाने खोल प्यायला तिथेच तो उरतो, आणि मग वरून मोरपंखी. काठाला गडद, बुडाकडे फिका होत जाणारा. दोन्ही रंग स्पिरिटमध्ये विरघळणारे, पुडीतले. वर चपडा लाखेचं पॉलिश, फडक्याच्या बोळ्याने.

होतंय काय:

एक, बाहेरच्या अंगाला समोरासमोर दोन जागी हाताच्या तळव्याएवढे पट्टे जवळजवळ काळे दिसतात. मोरपंखी चढवला तरी तिथे काळाच. मधल्या दोन बाजू मात्र झकास.

दोन, पॉलिशचा बोळा फिरवला की निळा होतो. काठाचा गडद रंग ओढला जाऊन बुडाच्या फिक्या भागावर ओघळ येतात. सगळी छटा बिघडते.

तीन, तिरप्या उजेडात बारीक गोल रेषा दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. रंग देण्याआधी यातली एकही दिसत नव्हती, बोटालाही लागत नव्हती.

पॉलिश पेपर १२० पासून ४०० पर्यंत, मधला एकही नंबर न गाळता. रंगाच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, आधी सीलर मारा, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा थर. फर्निचर पॉलिश करणारे म्हणाले, सीलरवर रंग धरणारच नाही, रंग पॉलिशमध्येच मिसळा. दोघेही अनुभवी, त्यामुळे ऐकायचं कोणाचं? पुन्हा कातून नवा हात द्यायला भिंतीत अजून थोडं लाकूड शिल्लक आहे, फार नाही.

कातारी:

समोरासमोर दोनच जागा म्हटल्यावर निदान झालंच. वाडगा तुम्ही ओंडक्याच्या फाळीतून आडवा काढलाय, म्हणजे तंतू वाडग्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. त्या दोन बाजूंना तंतूंची कापलेली तोंडं बाहेर येतात आणि मधल्या दोन बाजूंना तंतू आडवे निजलेले असतात. तोंडं रंग पितात, निजलेले तंतू बेतानेच घेतात. हे कुठल्याही लाकडात होणार, आंब्यात जरा जास्त.

पण तळव्याएवढा पट्टा निव्वळ पिण्याने एवढा काळा होत नाही. तिथे तंतू थोडे उपटले गेलेत असा माझा अंदाज आहे. कोरड्या लाकडावर ते दिसत नाही, बोटालाही कळत नाही, कारण पॉलिश पेपरचा भुसा त्या भोकांत दाबून बसतो आणि जागा गुळगुळीत लागते. रंग पडला की भुसाही रंगतो, भोकंही. स्पिरिटचा ओला बोळा त्या जागी फिरवा. खरखरीत काळसर ठिपके दिसले की समजा उपटण आहे. नुसतीच एकसारखी गडद झाली तर लाकडाचा दोष नाही, तहान आहे.

उपटण पेपरने घालवायच्या मागे लागू नका. शेवटचा हात परत द्या, गाऊजला (कातायच्या खोलगट पटाशीला) ताजी धार लावून. बाहेरच्या अंगाला बुडाकडून काठाकडे, आतल्या अंगाला काठाकडून मध्याकडे. म्हणजे कापल्या जाणाऱ्या तंतूला पाठीमागून दुसऱ्या तंतूचा टेकू मिळतो. उलट गेलात की टेकू नाही आणि तंतू मोडून येतो. आंब्याचे तंतू तसेही एकमेकांत गुंतलेले, लहरी असल्या तर विचारूच नका, लहर म्हणजे तंतू वरखाली होणं. त्यामुळे एकदम पातळ हात द्या. छिलका केसासारखा लांब निघाला पाहिजे, भुकटी पडत असेल तर धार गेलेली आहे. मग स्क्रेपर तिरपा धरून, नुसता टेकवून एक फेरी.

वेगाचा साधा हिशेब: इंचातला व्यास गुणिले फेरे, हे ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचं. ९ इंचाला मिनिटाला साधारण ६५० ते १००० फेरे. दोन सुताची भिंत यापेक्षा जोरात फिरवली तर काठ थरथरतो आणि थरथरीच्या खुणाही रंगात उतरतात.

गोल रेषा पेपरच्याच. लेथ फिरत असताना पेपर धरला की सगळे ओरखडे एकाच दिशेने पडतात. प्रत्येक नंबर झाल्यावर लेथ बंद करून त्याच पेपरने तंतूंच्या दिशेने हाताने घासा, आधीच्या गोल रेषा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर उचलू नका. १२० ची एक रेष राहिली तर ४०० तिला चकाकी देतो, घालवत नाही. आणि मास्क लावा. आंब्याच्या चिकाने ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी भुशालाही जपावं.

संखेड्याचा शेजारी:

सल्ला नको असेल तर सोडून द्या, पण बडोद्यात बसून पुडीच्या रंगाशी झगडायचं आणि संखेडं बसने तासाभराच्या अंतरावर, हे काही पटत नाही. तिथले खरादी सागाचे पाय, झोपाळ्याचे दांडे पिढ्यानपिढ्या कातत आले. रंग ते लाकडात जिरवत नाहीत, लाकडावर चढवतात. लालसर तपकिरी जमीन, त्यावर कथलाच्या रंगाने हातानेच नक्षी, ती अकीक दगडाने घासून रुपेरी करायची आणि वरून लाख. लाखेच्या पिवळटपणाने रुपेरी सोनेरी दिसायला लागतं. सोन्याचा कणही नसतो.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणला आणखी सरळ मामला. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने चकाकी. ना स्पिरिट, ना ओघळ, ना डाग. एकदा संखेड्याला जाऊन नुसतं उभं राहून बघा. विचारलं तर सांगतात, हातचं राखत नाहीत.

दांडियाबाजारवाला:

कातारीभाऊ, स्पिरिटचा बोळा फिरवला. दोन्ही निघालं: एका बाजूला ठिपके, दुसऱ्या बाजूला नुसती तहान. आतल्या अंगाला उपटण नाही.

संखेड्याचे शेजारी, तिथे लहानपणापासून जातो, आमच्या घरातला झोपाळा तिथलाच. पण लाखेखाली या लहरी झाकल्या जातील, आणि सगळा अट्टाहास लहरींसाठीच चाललाय. शिवाय ९ इंचाच्या पसरट वाडग्यावर कांडीची लाख सारखी ओढणं आणि दांड्यावर ओढणं यात फरक आहे. पुढे कुंकवाचा करंडा करायचा मनात आहे, त्याला तुमचीच लाख.

तहान लागलेल्या बाजूचं काय करायचं? आणि बोळा निळा होण्याचं?

रंगीबेरंगी:

माझा संबंध कापडाच्या रंगांशी, लाकूड हौसेपुरतं. ज्या बडोद्यात १८९० साली कलाभवन निघालं आणि कापड रंगवण्याचं शास्त्र वर्गात बसून शिकवलं गेलं, तिथे रंगाचा प्रश्न अडून राहावा हे बरं नाही!

बोळा निळा होणारच. रंग स्पिरिटमध्ये विरघळतो, चपडा लाखही स्पिरिटमध्ये विरघळते. पॉलिशचा प्रत्येक हात खालचा रंग नव्याने पातळ करतो आणि घासून ओढतो. रंगाचा विलायक, म्हणजे तो ज्यात विरघळतो तो द्रव, एक आणि वरच्या थराचा दुसरा, एवढं पाळलं की झालं. लाखच लावायची तर पाण्यात विरघळणारा रंग घ्या. स्पिरिटचाच रंग ठेवायचा असेल तर पहिले दोनतीन हात फवाऱ्याने, अगदी हलके, लगेच सुकणारे. कापड त्याला लागता कामा नये. रंग पॉलिशमध्ये मिसळा म्हणणारे फर्निचरच्या दृष्टीने बरोबर आहेत, त्यांना लाकूड एकसारखं दिसायला हवं असतं. तुम्हाला ते नको आहे. तसा रंग वरच राहतो आणि लहरींवर पडदा येतो.

मी पाण्याचा रंग घेईन. फिका होत जाणारा मोरपंखी पाण्यात जास्त चांगला साधतो, कारण सुकायला वेळ लागतो आणि ओल्या फडक्याने कड विरघळवत नेता येते. एकच कटकट, पाण्याने तंतू उभे राहतात. म्हणून रंगाआधी नुसत्या पाण्याने वाडगा भिजवा, सुकू द्या, उभे राहिलेले तंतू ४०० ने हलकेच कापा. मग रंग.

तहानेवर उपाय त्यातच आहे. रंग देण्याच्या ऐन आधी वाडगा पुन्हा साध्या पाण्याने सारखा ओला करा, तोंडांच्या दोन बाजूंना जरा सढळ. तोंडं पाणी पिऊन भरली की रंग खोल ओढत नाहीत. शिवाय त्या दोन बाजू ६०० पर्यंत घासा आणि बाकी ४०० वर थांबा. जास्त घासलेली तोंडं कमी पितात. एवढ्यानेही भागलं नाही तर फक्त तेवढ्या जागी लाखेचा अगदी पातळ हात, १०० मिली स्पिरिटला ६ ग्रॅम लाख. सगळ्या वाडग्याला सीलर नको. आणि काळा अर्ध्या ताकदीचाच द्या. काळ्याला घासून काढावं लागतं, आणि तोंडात गेलेला काळा निघत नाही.

पुडी घेताना बघून घ्या. होळीच्या वेळी मिळणारे झगझगीत जांभळे-हिरवे उन्हात भराभर उडतात. धातुयुक्त रंग सर्वांत टिकाऊ, पण त्यातले बरेचसे स्पिरिटचे. पाण्याचाच हवा तर लोकर-रेशमाचा आम्लरंग विचारा, लाकडात छान उतरतो. तरी वाडगा खिडकीत ठेवू नका म्हणून बहिणीला सांगून ठेवा.

आपल्याकडे दारूबंदीमुळे स्पिरिट मागितलं की दुकानदार आधी तोंड बघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्येही चपडा विरघळतो, फक्त वेळ लागतो, रात्रभर भिजत ठेवा. मेण काढलेला चपडा मिळाला तर तोच घ्या, पुढे वर पीयू (पॉलियुरेथेन) मारायचं झालं तरी धरून राहतो. आणि पावसाळी दमट दिवशी पॉलिश करू नका, थर पांढुरका पडतो.

दांडियाबाजारवाला:

त्याच ओंडक्याच्या उरलेल्या फाळीवर पाण्याचा रंग करून बघितला. एका बाजूला आधी ओलं करून, एका बाजूला कोरड्यावर. ओल्या बाजूला तोंडं आणि आडवे तंतू यांच्यात फरक आहे, पण आता तो छटेचा आहे, डागाचा नाही. त्यावर चपड्याचा बोळा फिरवला, बोळा पिवळाच राहिला. लहरीही नीट उठल्या.

वाडग्याला नवा हात द्यायला घेतोय. एकच शंका: बुडाची चकने (लेथच्या जबड्याने) धरलेली जागा शेवटी काढायची असते, ती रंगाआधी काढू की नंतर? नंतर काढली तर बूड कोरं राहील, आधी काढली तर रंग देताना धरू कुठे?

कातारी:

आधी काढा. टाकाऊ लाकडाचा गोल ठोकळा चकमध्ये धरून वाडग्याच्या आतल्या आकाराचा घुमट कातून घ्या, त्यावर जुन्या स्वेटरचा तुकडा, त्यावर वाडगा पालथा. टेलस्टॉकने (लेथच्या मागच्या सरकत्या टेकूने) बुडावर दाब द्यायचा आणि चकची जागा हलक्या हाताने कातायची. मधे टेलस्टॉकखाली जो करंगळीएवढा खुंट उरतो तो पटाशीने उडवून हाताने घासा. रंग देताना तोच घुमट उभा करून वाडगा त्यावर ठेवा, बाहेरचं अंग आणि बूड एका दमात होतं. आतलं अंग दुसऱ्या दिवशी.