जुन्या गोठ्यात सापडलेली लोखंडी यंत्रं: एकच की तीन वेगळी? ओळख हवी आहे

शिरपूरकर_७१

शिरपूर तालुक्यातल्या एका जुन्या वाड्याचा गोठा पाडायचा आहे. आत एकावर एक रचलेलं बरंच लोखंड निघालं. भंगारवाल्याचं म्हणणं, हे सगळं एकाच "गहू कापायच्या मशीन"चं सामान आहे, म्हणून वजनावर सरसकट भाव देतो. फोटो नंतर टाकतो, तोवर मापं देतो.

पहिला ढीग: लोखंडी चौकट, तिच्यात तीन आस. पुढच्या आसावर ७ चकत्या, मधल्यावर ६, मागच्यावर ७. चकतीचा व्यास साडेसतरा इंच, दोन चकत्यांत साधारण ६ इंच अंतर. कडेला दाते पाडल्यासारख्या खाचा. वर पाठ टेकायची लोखंडी बैठक, खाली पाय ठेवायला पट्टी, चौकटीला तीन छोटी चाकं.

दुसरा ढीग: सारख्या मापाची दोन बिडाची चाकं, व्यास अंदाजे ३० इंच, धावेवर तिरप्या उंच पट्ट्या. मधे बंद गिअरपेटी. बाजूला साडेचार फुटांचा दांडा, त्यावर त्रिकोणी पाती १७, एका जागी नुसती रिव्हेटची भोकं. दांड्याच्या पुढे टोकदार लोखंडी बोटं. एक लाकडी काठी, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. दोन बैठका, दोन्ही भोकाभोकांच्या. आणि लाकडी पट्ट्यांची एक जाळी, तिला खाली बिजागरी. गिअरपेटीवर इंग्रजी अक्षरांत "डीअरिंग" एवढं वाचता येतं.

तिसरा: जड गोल चाक, त्याच्या आऱ्यांवर दोन वाकडी पाती, मागे लाकडी पन्हळ. ओतीव अक्षरं देवनागरीत, "किर्लोस्करवाडी".

हे एक यंत्र आहे का? आणि नसेल तर कोणतं काय?

वखर_पांभर

तिसऱ्याचं लगेच सांगतो. ते कडबा कुट्टीचं यंत्र. कापणीशी त्याचा संबंध नाही. चाक फिरलं की पाती पन्हळीच्या तोंडासमोरून जातात, आतले दातेरी रूळ कडबा पुढे ढकलतात. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, म्हणजे यंत्र त्यानंतरचंच. नाव "किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड" असं पूर्ण सापडलं तर १९२० नंतरचं, कारण लिमिटेड कंपनी तेव्हा झाली. रूळ शाबूत असतील तर आजही चालेल.

पहिला ढीग मला डिस्क हॅरोसारखा (चकत्यांच्या कुळवासारखा) वाटतो. चकत्या, चौकट, बैठक सगळं जुळतंय.

तापीकाठचा

वखरभाऊ, हॅरो नाही. हॅरोची चकती ताटलीसारखी खोलगट असते, माती उलटवायला ती खोली लागते. शिवाय हॅरोचे आस चालण्याच्या दिशेला तिरपे बसवलेले असतात. शिरपूरकर, चकतीच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून बघा. पट्टी सगळीकडे टेकली तर चकती सपाट, म्हणजे ते ओलपाड मळणी यंत्र. खाचा पाहून घाबरू नका, खाचांच्या चकत्या हॅरोलाही येतात, पण त्या सपाट नसतात.

तुम्ही दिलेली मापं तर ओलपाडचीच आहेत. ठरलेली बांधणी २० चकत्यांची, ४५ सेंटिमीटर व्यास, दोन चकत्यांत १५ सेंटिमीटर, तीन रांगा. साडेसतरा इंच म्हणजे ४४ सेंटिमीटरच्या जरा वर, कड झिजून तेवढं कमी झालं असेल. मधल्या आसावर ६ का, तर मधल्या चकत्या पुढच्या दोन चकत्यांच्या मधोमध चालाव्यात. एका रांगेच्या चाकोरीत जे काड सुटतं ते तिच्या मागची रांग धरते. मोजताना हे ताडून बघा. तिन्ही रांगा एका रेषेत आल्या तर कुणीतरी आस उलटसुलट बसवलेत.

नाव सुरत जिल्ह्यातल्या ओलपाडचं. तापीच्या खोऱ्यातून सुरत-भुसावळ रेल्वे सरळ आपल्याकडे येते, त्यामुळे असं यंत्र शिरपुरात निघावं यात नवल नाही.

काम असं: खळ्यावर गव्हाचं काड पसरायचं, बैलजोडी तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, फिरवायची, माणूस बैठकीवर. नुसत्या खुरांनी दाणा सुटतो पण काड लांबच राहतं. चकत्या दाणा सोडवतात आणि काडाचा भुसाही करतात. म्हणून हे गव्हाचं आणि हरभऱ्याचं यंत्र. दादर ज्वारीच्या खळ्यावर कुणी आणायचं नाही, तिचा कडबा लांबच हवा असतो. तीन चाकं फक्त वाहून न्यायची. मळताना ती वर घेतात किंवा काढून ठेवतात. खाली राहिली तर वजन चाकांवर जातं आणि चकत्या काडावर नुसत्या तरंगतात.

पुढेमागे लोखंडी कठडा असायला हवा, घसरलेला माणूस चकत्यांखाली जाऊ नये म्हणून. चौकटीला दोन्हीकडे मोकळी भोकं आहेत का बघा. मागच्या भोकांत काड उलटायचे दातेही बसतात, दोन्ही गोष्टी सहज हरवतात.

लोहारसाळ

ओलपाडबद्दल पूर्ण सहमत. एक भर. चकती हाताने आडवी हलवून बघा. आसावर चकत्यांच्या मधे बिडाच्या नळ्या असतात, त्यांची तोंडं झिजली की चकत्या डुलतात आणि शेजारच्या रांगेला घासतात. कडेला एकाच बाजूने चकाकी दिसली तर हेच. आस ज्यात फिरतो ती बुशं जुन्या यंत्रांत बरेचदा लाकडाची. बाभळीची, तेलात उकळून बसवलेली. फुटलेली दिसली म्हणून लगेच बेअरिंग घालू नका. खळ्यावरची माती आणि भुसा बेअरिंगचा जीव घेतात, लाकूड मात्र निमूट झिजतं आणि गावातला सुतार ते बदलून देतो.

आता दुसरा ढीग, खरी गंमत तिथे आहे.

दोन सारखी चाकं आणि दांडा बाजूला, हे गवत कापायचं यंत्र. धान्याच्या स्वयंचलित रीपरला (कापणी यंत्राला) एकच मोठं चाक असतं, दुसऱ्या टोकाला लहान चाक, दांड्यामागे पाव गोलाचा फळीचा ओटा आणि वरून फिरणारे चार-पाच लाकडी दाताळे. तुमच्याकडे यातलं काही नाही. लाकडी काठी म्हणजे पिटमन: गिअरपेटीतल्या फिरत्या चकतीपासून पात्यांच्या दांड्यापर्यंत. ती लाकडाची असते याला कारण आहे. बोटांत दगड अडकला तर काठी मोडावी, बिडाचा गिअर नको.

साडेचार फूट म्हणजे ५४ इंच, एका पात्याची रुंदी ३ इंच, म्हणजे १८ पाती. एक पडलंय, हिशोब बरोबर.

पण दोन बैठका आणि बिजागरीची जाळी? नुसत्या गवताच्या यंत्राला एकच बैठक लागते. दुसरी बैठक दांड्याच्या बाजूची, दाताळं घेऊन बसणाऱ्या माणसाची. जाळी दांड्यामागे बसते, पायाच्या दट्ट्याने ती वर-खाली होते. उभी धरली की कापलेला गहू तिच्यावर पडतो, पेंढीएवढा झाला की पाय सोडायचा, जाळी मागे झुकते आणि माणूस दाताळ्याने पेंढी खाली ओढतो. म्हणजे गवताच्या यंत्राला गहू कापायची जोड दिलेली आहे. भंगारवाला या एका ढिगापुरता अर्धा बरोबर निघाला!

शिरपूरकर_७१

चकत्यांवर पट्टी टेकवली, सगळ्या सपाट. ओलपाड ठरलं. चौकटीला पुढे-मागे रिकामी भोकंही आहेत.

दुसऱ्याचा दट्ट्या मात्र सापडत नाही. आणि डीअरिंगवरून वर्ष कळेल का? एका मित्राने सांगितलं, डीअरिंग म्हणजे १९०२ च्या आधीचं.

तापीकाठचा

नावावरून एवढं पक्कं सांगता येत नाही. डीअरिंग ही शिकागोची कंपनी, १९०२ मध्ये मॅककॉर्मिक आणि आणखी काही कंपन्यांबरोबर मिळून इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली, इथवर तुमचा मित्र बरोबर. पण विलीनीकरणानंतरही डीअरिंग नावाने यंत्रं निघत राहिली. "मॅककॉर्मिक-डीअरिंग" असं जोडनाव असतं तर ते १९२० नंतरच्या दशकातलं किंवा त्याच्याही पुढचं. तुमच्याकडे नुसतं डीअरिंग आहे, म्हणजे दोन्ही शक्यता उघड्या. गिअरपेटीच्या झाकणावर, आतल्या बाजूला, पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात का बघा. सर्वांत उशिराची तारीख धरा. यंत्र त्याआधीचं नसतं, नंतरचं कितीही असू शकतं.

भागांवरचे आकडे आणि अक्षरं पाहून मात्र फसू नका. ते त्या ओतीव भागाच्या साच्याचे नंबर, सुटा भाग मागवायला. वर्ष नव्हे आणि यंत्राचा अनुक्रमांकही नव्हे. पण प्रत्येक लिहून घ्या, एकाच धाटणीचे असतील तर भाग एकाच यंत्राचे.

लोहारसाळ

बोल्टही बोलतात. अर्ध्या इंचाचा बोल्ट काढून एका इंचात आटे मोजा. इंग्रजी व्हिटवर्थ मापाचा असेल तर १२, अमेरिकन असेल तर १३. हा फरक फक्त अर्ध्या इंचाला पकडता येतो. तीन अष्टमांश, पाच अष्टमांश, पाऊण इंच यांत दोघांचे आटे संख्येने सारखेच, फक्त कोन वेगळा, ५५ आणि ६० अंश. मात्र एकाच बोल्टावर भरवसा ठेवू नका. इथल्या बाजारात व्हिटवर्थच मिळायचा, त्यामुळे अमेरिकन यंत्रात इंग्रजी बोल्ट म्हणजे बहुतेक वेळा दुरुस्ती. मिलिमीटरचा बोल्ट निघाला तर तो नक्कीच नंतरचा. आपल्याकडे मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली.

पाती उलटी करून बघा. धारेखाली बारीक दाते असतील तर गव्हासाठी, गुळगुळीत असतील तर गवतासाठी. वाळलेलं काड गुळगुळीत धारेवरून निसटतं. दोन्ही मिसळलेली असली तरी चालेल, मोडतील तशी बदललेली असतात.

गिअर चालतो का, हे उघडण्याआधी कळतं. धुरा ठोकळ्यावर चढवा, चाक पुढे फिरवा, पिटमनची चकती फिरायला हवी. मागे फिरवलं की खटका टकटक वाजायला हवा. पुढेही टकटक वाजलं तर खटक्याची स्प्रिंग गेली किंवा तो जुन्या ग्रीसमध्ये चिकटलाय. चाकाच्या एका फेऱ्यात चकती वीसपेक्षा जास्त वेळा फिरते, म्हणून फिरवताना बोटं पात्यांपासून लांब ठेवा. अडलं तर घणाने ठोकू नका. डिझेल सोडा, दोन दिवस थांबा, बिडाचा दात एका ठोक्यात जातो.

दादरवाला

नुसता पाहणारा आहे, एक शंका. असं यंत्र बैलांवर चालायचं का? ते घोड्यांसाठी केलेलं ना?

लोहारसाळ

चालायचं, पण कुरकुरत. घोडा ताशी चार किलोमीटर चालतो, बैल अडीच-तीन. पात्यांची गती चाकावरून येते, त्यामुळे बैलांवर पातं हळू सरकतं आणि दाट काड कापण्याआधी वाकून बोटांत गुंततं. म्हणून कमी लांबीचा दांडा बैलांना परवडायचा, साडेचार फूट त्यातलाच. शिरपूरकर, तुमच्या दांडीला (जनावरं जुंपायच्या पुढच्या लांब लाकडाला) जूसाठी लांबवलेला जोड आहे का बघा. पुढचं लाकूड बाभळीचं किंवा सागाचं आणि मागचं लाकूड परदेशी दिसलं तर ते बैलांसाठी इथेच बदललंय.

दट्ट्याबद्दल: तो बैठकीच्या पायाशी असतो, जाळीपासून निघालेल्या लोखंडी कांबीला जोडलेला. जाळीच्या बिजागरीजवळ कांब तुटल्याचं ताजं तोंड दिसतं का? दिसलं तर दट्ट्या त्याच ढिगात आहे. ओलपाडच्या पाय ठेवायच्या पट्टीशी गल्लत होते, कारण दोन्ही सारख्याच दिसतात. पट्टीला कांबेचं भोक नसतं.

तापीकाठचा

आणि भंगारवाल्याला हात लावू देण्याआधी तिन्ही ढिगांना वेगळ्या रंगाचा खडू मारा. भंगारवाले बीड वाहायला सोपं व्हावं म्हणून जागेवरच घणाने फोडतात. अक्षरं वाचायची तर रॉकेल आणि पितळी ब्रश. ग्राइंडर नको, आणि जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घासून झालं की अक्षरांवर खडू आडवा फिरवा, उठलेला भाग पांढरा होतो, मग कडेने तिरपा उजेड टाकून फोटो काढा. गिअरपेटीच्या झाकणाचा फोटो पहिला टाका.